बंद तारेतून

दोन तारांपुढे मी हात टेकले होते. सगळं संगणकातच होतं: चुंबकीय पापुद्र्यावरची एक तार स्पिनची, म्हणजे चुंबकत्वाची, लाट सोडणार, दुसरी ती झेलणार. पण सोडलेल्यातलं जेमतेम काहीतरी पोचायचं. वैतागून मी पहिल्या तारेचा प्रवाहच शून्य केला.

दुसरीने तरीही लाट झेलली. दोन लांब, एक आखूड.

मी प्रोग्रॅम नव्याने टाकला. पहिली तार पुसून टाकली. तरी तेच. मुंबईहून सर फोनवर म्हणाले, "कडेवर आपटून परत येत असेल. डॅम्पिंग वाढव, लाट विझेल."

वाढवलं. बाकी सगळं विझलं आणि ते दोन लांब, एक आखूड आणखी स्पष्ट झालं.

मग मात्र माझं टाळकं सटकलं. तार परत ठेवली आणि ते खोडायला तिच्यातून तसंच, पण उलटं, सोडलं. झेलणारी तार सपाट झाली. सुटले एकदाची! नक्की काय होतं ते ऐकावं म्हणून जुना आलेख आवाजात बदलून स्पीकरवर लावला.

विळीवर कैऱ्या चिरणारी आई थांबली. "समीक्षा, हा कुकारा गो. बागेत लांब असलेल्या माणसाला घालतात तसा. पण कोणाचा ते कळल्याशिवाय ओ देऊ नको हां."

"दिली," मी म्हटलं.

तेवढ्यात मागच्या पडवीतून कुकारा आला. दोन लांब, एक आखूड. लांबच्याला घालतात तसा नव्हे. शेजारी निजलेल्याला उठवावं तसा, अगदी हळू.