वेगळं विवरणपत्र

क्लेटनचा फॉर्म सकाळी साडेआठला मार्लिसच्या टेबलावर आला. नऊ वाजता तिनं फोन करून तळ्याकाठचं दोन बेडरूमचं घर नक्की केलं, आणि आपलं राहतं घर महिनाअखेर सोडत असल्याचं घरमालकाला लिहूनही टाकलं.

मिनेसोटातल्या त्या छोट्या गावात शाळांचे पगार करण्याच्या कामावर ती एकोणीस वर्षं होती. नवरा-बायको नेहमीसारखं एकत्र न भरता कराचं विवरणपत्र वेगवेगळं भरणार असतील, तर पगारातून कर किती कापायचा हे नव्यानं लिहून द्यावं लागतं. लोक हा फॉर्म दहा कारणांनी बदलतात, हे तिला ठाऊक होतं. क्लेटनचं कारण मात्र तिला नोव्हेंबरातच कळलं होतं.

"एकदम नाही जमणार. करापासून सुरुवात करतो," स्कूलबसच्या गॅरेजमागे तो म्हणाला होता. "जानेवारीत माझा फॉर्म तुझ्या टेबलावर आला की समज, मी मोकळा होतोय."

आणि फॉर्म आला होता. खूण योग्य जागी होती. मुलांच्या रकान्यात दोन्ही मुलांची करसूट. सही.

साडेअकराला त्याची बायको कॅरिन आली. प्राथमिक शाळेत ती अडखळणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायची. दारातच तिनं बुटांवरचा बर्फ आपटून झाडला.

"आमच्या मेकॅनिकनं दिला का फॉर्म, की बसमध्येच विसरला?"

"दिला. अक्षर लागलं तेवढं वाचलं."

"तेरा वर्षं झाली, मला अजून लागत नाही." कॅरिननं स्वतःचा फॉर्म पुढे सरकवला. "हा माझा."

मार्लिसनं तो लगेच उचलला नाही.

"म्हणजे ठरलं तुमचं."

"ठरलं. त्याचं तो बघेल, माझं मी."

"वकील वगैरे?"

"ह्याला वकील कशाला गं? जेवणाच्या टेबलावर बसलो, वीस मिनिटांत मिटलं. खरं तर आधीच करायला हवं होतं."

"जड नाही ना जाणार तुला?"

"जाईल एक-दोन महिने. मग होते सवय."

मार्लिसला तिचं कौतुक वाटलं. इतक्या समजूतदारपणाची तिनं अपेक्षाच केली नव्हती. तिनं चष्मा लावला आणि नेहमीप्रमाणे फॉर्म वरून खाली वाचत आली. मुलांच्या रकान्यात पेन थांबलं.

"इथे एका मुलाची सूट लिहिलीयस. दोन्ही मुलं क्लेटनच्या फॉर्मवर आहेत. तेच मूल दोघांनी दाखवलेलं चालत नाही."

"माहितीये. ती दोघं त्याच्याकडे, हे माझ्याकडे."

"हे कुठलं?"

कॅरिननं मागे वळून दार लोटलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"वेगळं भरलं की माझ्या कॉलेजच्या कर्जाचा हप्ता दोघांच्या नाही, नुसत्या माझ्या पगारावर बसतो, म्हणजे कमी. क्लेटननंच शोधून काढलं. आता खर्च वाढणार ना." ती हसली. "ऑगस्टमध्ये जन्मलं तरी ह्या वर्षात धरतात ना गं? आणि इतक्यात कुणाकडे बोलू नकोस हं. सगळ्यांना स्वतः सांगायचं म्हणून तो नुसता उतावीळ झालाय."