लाल दिव्याखालची जोडी

“बैल अनावर झाले, एवढंच म्हण,” चिंतामण वकिलांनी कोर्टाच्या पायरीवर कडूबाला तिसऱ्यांदा बजावलं. “साहेब समज देऊन सोडतील. वर एक अक्षर बोलू नकोस.”

कडूबाने मान हलवली. वकील सांगत होते ते खरंच होतं. चौकात रहदारीचा लाल दिवा बसून पंधरा दिवस झाले होते, आणि चौकापलीकडच्या भाजीबाजारात कोबीचा पाला खायची सवय बैलांना तीन वर्षांची होती. कडूबाने कासरा छातीशी ओढला, हो-हो करून घसा बसवला. जोडी वांग्यांच्या पाट्यांसकट लाल दिव्याखालून निघून गेली. चौकातल्या शिपायाने उडी मारली ती थेट पानठेल्यात. त्यामुळे गाडीवर काय चाललंय ते त्याने पाहिलं नाही. खटला मात्र भरला.

खटल्याची कडूबाला फिकीर नव्हती. फिकीर होती ती मागच्या बाकावरच्या हिंमतरावांची. कडूबाच्या विहिरीवर मोट जाऊन इंजिन यायचं होतं, ते ही जोडी विकल्यावर. देऊळगाव राजाच्या हिंमतरावांनी बैलांचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, गाडीला जुंपून दोन कोस हाकूनही पाहिले. सौदा ओठावर आला, तेवढ्यात दिव्याची गोष्ट त्यांच्या कानावर गेली.

“खोडीचा बैल मले नको,” ते म्हणाले होते. “कोर्टात काय निंगते ते आयकतो, मंग बोलू.”

पुकारा झाला. शिपायाने पानठेला वगळून साक्ष दिली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्म्यावरून कडूबाकडे पाहिलं.

“बैल अनावर झाले होते का?”

वकील खोकले.

“नाही, सायेब,” कडूबा म्हणाला. “माह्ये बैल थांब म्हनलं त थांबतात, चाल म्हनलं त चालतात. मीच चाल म्हनलं.”

“लाल दिवा दिसत असताना?”

“हाव. बैलाईचा काही कसूर नाही. घाई मले होती.”

वकिलांनी कपाळाला हात लावला. अशील स्वतःहून खड्ड्यात उतरताना त्यांनी पुष्कळ पाहिले होते. हा तर पायऱ्या करून उतरत होता.

साहेबांनी सावकाश निकाल लिहिला आणि वाचून दाखवला. जनावरं पूर्णपणे ताब्यात असताना आरोपीने जाणूनबुजून लाल दिवा ओलांडला. दंड दहा रुपये. पुन्हा घडलं तर तुरुंग.

“काही म्हणायचंय?”

कडूबाने हात जोडले. मग मागे वळून हिंमतरावांकडे एकदा नीट पाहून घेतलं.

“दंड आत्ताच भरतो, सायेब. फकत निकालाची शिक्का मारलेली नक्कल भेटली पाह्यजे. बैलाईसंग पाव्हण्याले द्याची आहे.”