न्यायला कोणी आलं नाही

"बा नाई आला, बाई," फाटकाकडून परत येत पुनम म्हणाली.

वसतिगृहाचं अंगण रिकामं झालं होतं. सकाळपासून कोणाचा बाप, कोणाचा काका येऊन दिवाळीच्या सुट्टीसाठी आपापली पोर घेऊन गेला होता. अधीक्षिका हर्षाबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. पुनमच्या ओढणीत पाच-सहा सीताफळं होती.

"हे कोणं दिले?"

"एकीच्या बानं."

"दुसऱ्यांचे बाप सीताफळं आणतात, अन् तुहा बाप येतही नाई."

"धान कापणी आहे ना, बाई," पुनम खाली मान घालून म्हणाली आणि आत गेली.

सलग तिसऱ्या वर्षी हेच झालं. पुनम दहावीत होती. तिचं गाव अहेरीहून भामरागडच्या रस्त्याला, जंगलात आत. तिथे फोन लागत नसे. सुट्टी लागली की ती फाटकाशी जाऊन थांबायची आणि थोड्या वेळाने एकटीच परत यायची. हर्षाबाईंनी तिच्या बापाला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा राग मात्र मनात साठत गेला होता.

दुपारी घुग्घुसहून नागसेनचा, त्यांच्या धाकट्या भावाचा, फोन आला.

"ताई, येतं का सुट्टीत?"

"कशी येऊ? एक पोरगी राह्यली इथी. तिचा बाप न्यायलेच येत नाई."

"हो का? मंग राहू दे. पोरीले एकटं कसं सोडशीन."

त्याला सुटल्यासारखं वाटलं, हे त्याच्या आवाजातच कळलं. हर्षाबाईंनाही सुटल्यासारखंच वाटलं होतं.

त्यांच्या बौद्ध घरात दिवाळी नसे. पण हर्षाचा वाढदिवस नेमका त्या सुट्टीत यायचा. आई कढईभर करंज्या तळायची आणि शेजारणींना ठणकावून सांगायची, "दिवाळी नाई करत आम्ही. आमच्या हर्षाचा वाढदिवस आहे." गल्लीत सगळीकडे दिवे लागायचे, फटाके फुटायचे. लहान हर्षाला वाटायचं, हे सगळं आपल्यासाठीच.

लग्न झालं नाही. आई गेली. त्यानंतरच्या सुट्टीत त्या भावाकडे गेल्या, तेव्हा त्यांची गादी हॉलमध्ये घातली होती. सगळे चांगलेच वागले. फक्त वाढदिवस कोणाच्या लक्षात आला नाही, आणि त्यांनीही सांगितला नाही. तिथून परतल्यावर त्यांना त्या तारखेचीच भीती वाटू लागली. पन्नाशी ओलांडल्यावर तर सुट्टी जवळ आली की झोप उडायची. म्हणून पुनम मागे राहिली तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. थांबायला कारण मिळालं होतं. लोकांना सांगता येत होतं.

वाढदिवसाच्या सकाळी पुनमने चहा आणून दिला.

"हॅपी बड्डे, बाई."

"चूप. या वयात कायचा वाढदिवस?"

कप घेऊन त्या न्हाणीघरात गेल्या. नळ मोठा सोडला. बऱ्याच वेळाने तोंड धुऊन बाहेर आल्या, तर पुनम मागच्या ओट्यावर बसली होती. ती रस्त्याकडे बघत होती आणि मनगटाने डोळे पुसत होती.

"घरची आठवण येऊन राह्यली?"

पुनमने होकारार्थी मान हलवली. मग घाईघाईने म्हणाली, "नाई, बाई. थोडीशीच."

हर्षाबाईंना आपलीच लाज वाटली. तीन वर्षं आपण या पोरीच्या आडोशाला बसलो. तिच्या बापाला एकदाही जाब विचारला नाही.

"कपडे भर. मी नेऊन सोडते तुले. तुह्या बाले विचारतेच मी."

"नको, बाई!" पुनम एकदम उठली. "आपण इथीच राहू. तुम्ही नका जाऊ तिथी."

"काऊन? बाप मारते?"

"नाई."

"दारू पिते? घरी आणखी कोणी त्रास देते? मले सांग."

पुनमने तोंड फिरवलं. हर्षाबाईंनी खुंटीवरची पिशवी काढून तिच्या हातात दिली.

बसमध्ये पुनम खिडकीशी बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. फाट्यावर उतरून दोघी सागाच्या जंगलातून चालल्या. नाल्यात पोटरीभर पाणी होतं. गाव जवळ आलं तशी पुनम मागे पडू लागली. अशा घरी तिला सोडायचंच नाही, लागलं तर परत न्यायचं, हे हर्षाबाईंनी मनाशी पक्कं केलं.

अंगणात एक बाई धान पाखडत होती. पुनमला पाहताच तिच्या हातातलं सूप खाली पडलं. धावत येऊन तिने पोरीला छातीशी धरलं आणि तिचे गाल, केस, दंड चाचपत राहिली. घराआडून एक सडपातळ माणूस आला. हाच पुनमचा बाप, वारलू. त्याने आधी बाज टाकली, पाण्याचा गडवा आणून ठेवला आणि हात जोडून उभा राहिला.

हर्षाबाई बसल्या नाहीत.

"तीन वर्षं झाले, भाऊ. सगळ्या पोरींचे मायबाप येतात. तुमची पोरगी फाटकावर वाट पाहते अन् एकटी वापस येते. आज सकाळी रडून राह्यली होती. धान पोरीपेक्षा मोठं आहे का? तुम्हाले काईच कसं वाटत नाई?"

वारलूने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने पोरीकडे पाहिलं आणि त्यांच्या माडिया बोलीत काहीतरी विचारलं. पुनमने जोरजोरात मान हलवली, त्याला नको-नको अशी खूण केली आणि आईच्या पदरात तोंड लपवलं.

वारलूने पोरीच्या पाठीवर हात ठेवला. मग शब्द जुळवत, चाचरत बोलला.

"मी तं दरसाल येतो, बाई. फाटकापासून हे पोरगीच मले वापस पाठवते. म्हणते, 'बा, तू जाय. आमच्या बाईले न्यायले कोणीच येत नाई.'"