उभी गाडी

"टर्बो गेलेला नाही," मेकॅनिक मकोखा गाडीखालून ओरडला. "कोण म्हणतं गेलाय?"

"कोमेन म्हणतो," कोबिलो म्हणाली.

कोमेन म्हणजे गाडी घेणारा. आठवड्यापूर्वी तो ती चालवून बघायला आला होता. केनियातल्या केरिओच्या खोऱ्यात, सपाट रस्त्यावर गाडी बरी चालली. घाट लागला आणि दुसऱ्याच वळणावर तिचा दम संपला. मागून काळा धूर निघाला. पायी चाललेल्या बायका तिच्या पुढे गेल्या. "टर्बो गेला. दुरुस्त करून वर घाटमाथ्यावर, इटेन गावात आणून द्या, तिथंच व्यवहार करू," असं म्हणून तो दुसऱ्या गाडीने निघून गेला होता.

गाडी कोबिलोच्या मुलाची. किबोर शर्यती धावायचा. पहिली मोठी शर्यत जिंकल्यावर त्याने ही डिझेल गाडी घेतली आणि आईला शेजारी बसवून ती घाटात चढवली. पुढे तो जर्मनीला धावायला गेला. तिथं गुडघा गेला, धावणं सुटलं, आणि तो तिथंच एका गोदामात कामाला लागला. फोन करायचा, पण दोन मिनिटांचा. तब्येत कशी आहे, पाऊस झाला का, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "आई, मी काही आता परत येत नाही. ती गाडी विकून टाक." हा कोमेनही त्यानेच तिथून फोनवर शोधून दिला होता.

मकोखाने हवेचे पाइप चाचपले. कुठे गळती नव्हती. टर्बोचा दांडा बोटाने हलवून पाहिला. तो घट्ट होता, छान फिरतही होता. आत तेल उतरलेलं नव्हतं. मग त्याने बाजूची, आतले पंख हलवणारी छोटी कांडी ओढली. ती हलेना. टर्बो उतरवून खोलला, तेव्हा आतले पंख काजळीने चिकटून बसलेले दिसले. चुलीवरच्या भांड्याच्या बुडासारखे.

"हे बघ, मावशी. घाटात हे पंख हलले पाहिजेत, म्हणजे इंजिनाला हवा मिळते. हे सगळे जाम झालेत. कोण चालवतं ही गाडी?"

"कुणी नाही. मी रोज सकाळी चालू करते. चहा उकळेपर्यंत. मग बंद करते."

"आणि मग?"

"पुसते."

मकोखा हसला, पण तिच्या तोंडाकडे बघून त्याने हसू आवरलं. "गाडी उभ्या उभ्या आजारी पडलीय," तो म्हणाला. "पळाली असती तर काजळी जळून गेली असती."

तो ब्रशने पंख घासू लागला. कोबिलो आंब्याच्या सावलीत बसून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दुरुस्त होणार नाही, असं सांगशील का कोमेनला?"

मकोखाचा हात थांबला. "विकायची नसेल तर विकू नकोस की, मावशी! माझ्या टर्बोला कशाला बदनाम करतेस?"

"गाडी त्याची आहे. मी कोण नाही म्हणणारी?"

मकोखा पुन्हा ब्रशकडे वळला. त्याने पंख साफ केले, कांडी मोकळी केली, नवं तेल घातलं आणि सगळं परत बसवलं. किल्ली तिच्या हातात दिली. "आता हिला घाटात दमवायची. तू चालव. मी बाजूला बसतो."

कोबिलोला गाडी चालवता येत होती. किबोरनेच शिकवली होती. पण घाटात तिने ती कधी चढवली नव्हती. पहिल्या वळणावर तिने पाय इतका हलका ठेवला की मागून आलेल्या मोटारसायकलवाल्याने शिट्टी मारली.

"अंडी घेऊन चाललीस का? दाब!" मकोखा म्हणाला.

तिने दाबलं. इंजिन गुरगुरलं. मागे काळ्या धुराचा एक लोट उडाला आणि मग धूर थांबला. एक बारीक, चढत जाणारा सूर ऐकू आला आणि गाडीने तिला पाठीत रेटलं. किबोरच्या शेजारी बसली होती, तेव्हाही असंच रेटलं होतं. तेव्हा ती घाबरून त्याला ओरडली होती. आज तिने पाय उचलला नाही. एकेक वळण मागे पडलं. खाली केरिओचं खोरं उन्हात पसरत गेलं. तिचे डोळे वाहत होते, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

इटेनला चहाच्या हॉटेलासमोर कोमेन उभा होता. त्याने हात वर केला. कोबिलोने वेग कमी केला. मकोखाने दाराला हात घातला.

तिने पुन्हा दाबलं.

"अगं, कोमेन!"

"दिसला मला."

गाव संपल्यावर तिने गाडी कडेला घेतली. थोड्याच वेळात फोन वाजला. किबोरचा.

"आई, कोमेन चिडलाय. गाडी समोरून निघून गेली म्हणतो. काय झालं?"

"गाडी विकली मी."

"विकली? कुणाला?"

"मला."

तो रागावेल, फोन ठेवेल, म्हणून ती वाट बघत राहिली. मकोखा खिडकीबाहेर बघत होता.

"गाडी घाटात कुणी चढवली?" किबोरने विचारलं.

"मी."

पलीकडे गोदामाचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"आई, परत खाली जा. काच उघडी ठेव, फोन सीटवर ठेव, बंद करू नकोस. आणि मग चढ. मला ती घाट चढताना ऐकायचीय."