बाबांनी बांधलेली प्रत
पडद्यावर यान जळालं आणि त्यातली शास्त्रज्ञ आई परत आलीच नाही. माझ्या लाडक्या विज्ञानकादंबरीची सिनेमावाल्यांनी पार वाट लावली होती. घरी येऊन मी बाबांपाशी धुसफुसले, “पुस्तक तर ती मुलीकडे यायला निघते तिथेच संपतं ना?” जन्मभर पुस्तकबांधणी केलेल्या बाबांनी चष्मा पुसला. “तुझं पुस्तक संपतं.” मग त्यांनी कपाटातून पिवळी पडलेली सुटी पानं काढली. शेवटचं प्रकरण. “तुझ्यासाठी ती फाटकी प्रत मी नव्यानं बांधली तेव्हा तुझी आई दवाखान्यात होती. एवढी पानं बाजूला ठेवली. म्हटलं, ती घरी आली की शिवू.” आई घरी आलीच नव्हती. मी उभ्याउभ्याच पानं वाचली. डोळ्यांतून टिपूसही गळलं नाही. बाबांनी सुई काढली. “आता शिवू का?” हल्ली त्यांना नेढं दिसत नाही. मी दोरा ओवून दिला.