‘कर’ या शब्दाला बंदी
शाहपुऱ्यातली रेवती क्रोशाच्या विणकामाचा ऑनलाइन ग्रुप सांभाळायची. सकाळी तिथे अमेरिकेने लावलेल्या करावरून दोघी हमरीतुमरीवर आल्या. वैतागून ‘टॅरिफ’ आणि ‘कर’ हे शब्द असलेले मेसेज अडतील अशी सोय करून रेवती आपल्या बाळाला न्हाऊ घालायला गेली. परतली तर ग्रुपवर शुकशुकाट. फक्त सोनलचा प्रश्न: “माझं बाळ दिवसांआधीच जन्मलंय, दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. एवढ्याशा डोक्यावर टोपरं बसेना. सांगा ना कुणीतरी.” कुणालाच पाझर फुटू नये? रेवतीने अडकलेले मेसेज उघडले. “चारच साखळ्या कर, राणी.” “उसव, परत कर, रडू नकोस.” जिकडेतिकडे तोच ‘कर’. सकाळच्या भांडखोर दोघींनी तर, एकमेकींचं दिसत नसतानाही, एकच वाक्य लिहिलं होतं: “फोन कर, मिळून विणू.” भारावून रेवतीने सगळे मेसेज सोडले. लगेच सोनलचं उत्तर आलं: “दोघींना एकाच कॉलवर घेते.”