उजवीकडचं खरं

एका प्रोग्रामिंग भाषेत दोन तक्ते कोडच्या एकाच ओळीत जोडता यावेत, म्हणून त्याने नवी रचना सुचवली होती. घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. एकच फोन नंबर दोन तक्त्यांत दोन नावांनी असेल, तर ठेवायचं कुठलं नाव? "उजवीकडच्या तक्त्यातलं," हा हेका त्याने त्या भाषेचे नियम ठरवणाऱ्या समितीपुढे सहा महिने सोडला नव्हता.

प्रात्यक्षिकाला खरी माहिती हवी, म्हणून त्याने स्वतःच्या फोनमधली यादी डावीकडे घेतली आणि बायकोची उजवीकडे.

"म्हणजे आपलं दोघांचं जुळलं नाही, तर माझंच खरं?" बायकोने विचारलं.

"हो. नियमच तसा आहे."

"मग खुशाल घे," ती हसू दाबत म्हणाली.

समितीसमोर मोठ्या पडद्यावर त्याने कोडची ती ओळ चालवली आणि क्षणात दोन्ही याद्या एक झाल्या. एकही नंबर गळला नाही, एकही दोनदा आला नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, "अरे, हा तर तुझाच नंबर!"

त्याने वळून पाहिलं. त्याच्या यादीत जिथे 'मी' होतं, तिथे आता बायकोने ठेवलेलं नाव झळकत होतं: 'आलोच पाच मिनिटांत'.

"प्रस्ताव मंजूर," समितीच्या प्रमुख बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आता उरलेलं काम कधी संपवताय?"

 

त्याने तोंड उघडायच्या आत अख्खी खोली एका सुरात म्हणाली, "झालंच, पाच मिनिटांत!"